संग्राहकाला दिलेली कट्यार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहासाच्या तासाला सनावळीपेक्षा वस्तूंना अधिक मान देत. जुने नाणे, एखादी सनद, झिजलेले माप, जे हाती लागेल ते वर्गात आणावे आणि 'ही वस्तू कोणाची, आणि येथवर आली कशी' एवढेच विचारावे, ही त्यांची पद्धत होती. त्याच पद्धतीने आज एका लहानशा विषयाकडे पाहावे असे मी योजिले आहे. जुनी शस्त्रे जमविणाऱ्या माणसाला सुरी, कट्यार किंवा खंजीर भेट द्यावयाचा झाला, तर तो कसा निवडावा? प्रश्न बाजारहाटाचा वाटेल. परंतु या प्रश्नाला बादशहांनी, संस्थानिकांनी आणि त्यांच्या कारभाऱ्यांनी जी उत्तरे दिली, त्यांत आपल्या इतिहासाचा एक मोठा भाग दडलेला आहे, आणि त्याचा संबंध आपल्यापैकी अनेकांच्या देवघराशीही आहे.

इंग्रज समाजात असा एक जुना समज आहे की, सुरी भेट दिली तर मैत्री तुटते. म्हणून घेणारा माणूस देणाऱ्याच्या हातावर एखादे लहान नाणे ठेवतो आणि भेटीला विक्रीचे रूप देतो. आपल्याकडील दरबारी रिवाजात या शंकेला जागा नव्हती. उलट, शस्त्र देणे हा विश्वासाचा सर्वांत मोठा पुरावा मानला जाई. मोगल दरबारात खिलतीच्या पोशाखाबरोबर जडावाचा खंजीर देत. मराठी राज्यात तर 'शिक्के-कट्यार' हा जोडशब्दच अधिकारपदाचा वाचक झाला. शिक्का म्हणजे हुकूम चालविण्याचा अधिकार आणि कट्यार म्हणजे त्या अधिकाराची राखण. ज्यांनी १९६७ साली रंगभूमीवर आलेले 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक पाहिले असेल, त्यांना राजगायकाच्या पदाबरोबर येणारी कट्यार आठवेल. ते कथानक कल्पित असले, तरी पदाबरोबर कट्यार द्यावी ही कल्पना मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागली नाही.

मात्र सरदाराला दिलेली कट्यार आणि संग्राहकाला दिलेली कट्यार यांत एक मूलभूत भेद आहे. सरदार ती कमरेला लावतो. ती कोणाच्या हातची, हे सारा दरबार पाहत असतो, त्यामुळे तिची हकीकत वेगळी लिहून ठेवण्याची गरज पडत नाही. संग्राहक ती भिंतीवर किंवा कपाटात ठेवतो. तेथे ती शेकडो कट्यारींतील एक होते. ती कोणाची, कोणी दिली, कोणत्या प्रसंगी दिली, हे तिच्याबरोबर गेले नसेल, तर एका पिढीत ती मुकी होते. माझ्या आजच्या विवेचनाचा गाभा एवढाच आहे: संग्राहकाला शस्त्र देताना पाते आणि मूठ ही अर्धीच भेट होय, उरलेली अर्धी भेट म्हणजे त्या शस्त्राची खरी हकीकत, आणि ते देण्याचा देणाऱ्याला असलेला अधिकार.

प्रथम एका सुरीचे उदाहरण घेऊ, जिची हकीकत तिच्याबरोबर राहिली. जहांगीर बादशहा हा जातिवंत संग्राहक होता. दुर्मीळ पक्षी, चित्रे, रत्ने, यशबाची पात्रे, नवलाची कोणतीही वस्तू त्याला हवी असे, आणि ती कोठून आली हे तो आपल्या आत्मवृत्तात नोंदवीत असे. इ. स. १६२१ च्या एप्रिल महिन्यात जालंदर परगण्यातील एका गावी मोठा कडकडाट होऊन आकाशातून एक तेजस्वी गोळा जमिनीत घुसला. तेथील अंमलदार महंमद सईद याने ती जागा खणविली, तेव्हा तप्त लोखंडाचा गोळा निघाला. त्याने तो बादशहाकडे पाठविला. वजन भरले १६० तोळे. बादशहाने उस्ताद दाऊद या कारागिराला त्याचे शस्त्र घडविण्यास सांगितले. ते लोखंड हातोड्याखाली टिकेना, फुटू लागले. तेव्हा तीन भाग आकाशीचे लोखंड आणि एक भाग साधे लोखंड असे मिश्रण करून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी सिद्ध झाली. त्यांतील सुरी आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीर कलासंग्रहालयात आहे. १९५५ साली ती तेथे आली.

या सुरीची ओळख तीनशेहून अधिक वर्षांनंतरही पटते, याचे कारण तिच्या धातूत आहे तितकेच लेखनात आहे. पात्यावर सोन्याच्या अक्षरांत तिची उत्पत्ती आणि साल कोरलेले आहे, आणि तीच हकीकत बादशहाच्या ग्रंथात स्वतंत्रपणे आलेली आहे. वस्तू एक आणि साक्षीदार दोन. त्या अंमलदाराने बादशहाला दिलेली वस्तू वरकरणी ओबडधोबड लोखंडाचा गोळा होती. परंतु ती देताना ती कोठे पडली, कधी पडली, कशी मिळाली हे त्याने कळविले. संग्राहकाला काय आवडते हे ओळखणारा तो चतुर मनुष्य असला पाहिजे.

आता अडीचशे वर्षे पुढे येऊ. व्हिक्टोरिया राणीचे ज्येष्ठ चिरंजीव, प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे सातवे एडवर्ड म्हणून गादीवर आलेले, ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबई बंदरात उतरले आणि १३ मार्च १८७६ रोजी तेथूनच परत निघाले. या चार महिन्यांत त्यांनी मुंबई, पुणे, बडोदे, गोवे, मद्रास, कलकत्ता, लखनौ, दिल्ली, लाहोर, ग्वाल्हेर, जयपूर, इंदूर अशी शहरे पाहिली. मराठी माणसे ज्या ज्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वसली, त्यांतील बरीच ठिकाणे या यादीत आहेत. हैदराबाद तीत नाही. येथील निजाम मीर महबूब अली खान तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. त्यांच्या वतीने दिवाण पहिले सालारजंग मुंबईस गेले.

या प्रवासात भेटींचा प्रश्न मोठा नाजूक होता. कंपनी सरकारच्या काळापासून असा नियम होता की, संस्थानिकाने अधिकाऱ्याला दिलेली वस्तू त्याने स्वतः ठेवू नये; ती तोशाखान्यात जमा व्हावी. युवराजांच्या बाबतीत या नियमाला अपवाद करावा लागला. परंतु संस्थानिकांनी चढाओढीने खर्च करू नये म्हणून असे सुचविण्यात आले की, भेटी म्हणजे नवलाच्या वस्तू, जुनी शस्त्रे आणि स्थानिक कारागिरीचे नमुने एवढेच असावेत. या एका सूचनेने शस्त्रागारांचे दरवाजे उघडले. नव्वदांहून अधिक राजेरजवाड्यांनी दोन हजारांहून अधिक वस्तू दिल्या, आणि त्यांत शस्त्रांचा भरणा मोठा होता. युवराज मूळचे शस्त्रसंग्राहक होते की नव्हते, हा प्रश्न तेथेच संपला. या भेटींनीच त्यांना संग्राहक केले.

हे नजराणे इंग्लंडात पोहोचले तेव्हा ते १८७६ साली लंडनमध्ये लोकांसाठी मांडण्यात आले. १८७८ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते गेले, आणि तेथील हिंदी विभागाची मार्गदर्शिका जॉर्ज बर्डवुड यांनी लिहिली. पुढे शस्त्रे मार्लबरो हाउस व सँड्रिंगहॅम येथील दालनांच्या भिंतींवर चढली. कास्पर पर्डन क्लार्क यांनी त्यांच्या सूची केल्या. कट्यारी, खंजीर, पेशकब्ज, बिचवे, गुप्त्या यांची ओळच्या ओळ त्या सूचींत आहे. अलवरकडून आलेल्या एका खंजिराच्या पात्यात खाचा पाडून आत मोती मोकळे सोडले आहेत; पाते कलते केले की ते घरंगळतात. कारागिरी अचाट आहे. पण हा खंजीर युद्धासाठी नव्हे, दाखविण्यासाठीच जन्मला, हे पाहणाऱ्याला क्षणात उमगते.

येथे शस्त्राच्या अंगोपांगांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय निवडीतील मर्म कळणार नाही. लढाऊ कट्यारीची मूठ म्हणजे दोन उभ्या पट्ट्यांमध्ये बसविलेल्या आडव्या दांड्या. मूठ आवळली की पाते बोटांच्या पुढे सरळ रेषेत येते आणि सारा जोर मनगटातून अणीवर उतरतो. म्हणून जुन्या कट्यारीची अणी पाहावी; चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी ती जाड ठेवलेली असते. नंतर पोलाद पाहावे. उत्तम पोलादाच्या पात्यावर वाहत्या पाण्यासारख्या रेषा दिसतात. हे पोलाद पुष्कळसे आपल्याच तेलंगणात होई. निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम् या गावी मुशीत पोलाद वितळवीत, आणि १८२० च्या सुमारास तेथे गेलेल्या व्हॉयसी या संशोधकाला ते विकत घेण्यासाठी इराणहून आलेला व्यापारी भेटला होता. दमास्कसच्या नावाने जी पाती जगभर वाखाणली गेली, त्यांतील कित्येकांचे पोलाद दक्षिण हिंदुस्थानातले होते.

आणखी एक गोष्ट. तंजावरच्या शस्त्रागारातील जुन्या कट्यारींना पुष्कळदा युरोपातून आलेल्या तलवारींचे पाते कापून, रिव्हेट मारून जोडलेले असते. नवखा माणूस तो जोड पाहून 'ही दुरुस्त केलेली, म्हणून कमअस्सल' असे म्हणेल. जाणता संग्राहक त्याच जोडासाठी ती उचलेल. कारण सतराव्या शतकात दक्षिणेत फिरंगी पात्यांना केवढी मागणी होती, हे तो जोड सांगतो. तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली खालसा झाले, आणि तेथील शस्त्रे देशोदेशी विखुरली.

एकोणिसाव्या शतकात याच्या उलट प्रकारही होऊ लागला. युरोपीय गिऱ्हाइकाला सोन्याची झळाळी रुचते, असे पाहून जुन्या पात्यांवर नवी कोफ्तगारी करण्यात येऊ लागली. कोफ्तगारी म्हणजे लोखंडावर जाळीसारखे बारीक ओरखडे काढून त्यांत सोन्याची तार ठोकून बसविणे. काम सुंदर, पण त्या ओरखड्यांखाली पोलादाचे मूळचे पाणी कायमचे झाकले जाते. देणाऱ्याला वाटते की आपण वस्तूची शोभा वाढविली. घेणारा जाणता असेल, तर त्याला वाटते की एका साक्षीदाराचे तोंड सोन्याने बंद केले.

श्रोतेहो, आता मी विषयाच्या अवघड भागाकडे वळतो. १८७५ च्या नोव्हेंबरात मुंबईस युवराजांना भेटलेल्या राजांपैकी तिघांचे वय ध्यानात घ्या. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज, बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि म्हैसूरचे चामराजेंद्र वडियार हे तिघेही १८६३ साली जन्मलेले, म्हणजे बारा वर्षांचे होते. तिघेही दत्तक; सयाजीरावांचे दत्तविधान तर त्याच वर्षी, मल्हारराव पदच्युत झाल्यावर, मे महिन्यात झालेले. म्हैसूरचा कारभार इंग्रज कमिशनकडे, कोल्हापूरचा पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली, बडोद्यास सर टी. माधवराव नुकतेच दिवाण होऊन आलेले. बारा वर्षांचा मुलगा आपल्या कुळाची कोणती वस्तू परक्याला द्यावी हे ठरवीत नाही. ते त्याच्या वतीने इतर कोणी ठरविते.

कोल्हापूरकरांकडून जी भेट गेली, तीत एक जुनी तलवार होती. ती कट्यार नव्हे, हे खरे. पण आपला मुद्दा तिच्यावाचून पुरा होत नाही. पाते युरोपीय घडणीचे. शिवाजी महाराजांशी संबंध असलेली स्मृतिवस्तू, एवढाच तिचा परिचय सूचीत आला. हीच तलवार 'जगदंबा' म्हणून महाराष्ट्रात ओळखली जाते, आणि ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. ती परत यावी ही मागणी अनेकदा झाली. १९८० नंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी 'भवानी तलवार' आणण्याचा विषय हाती घेतला, तेव्हा साऱ्या राज्यात चर्चा झाली. आणि त्या चर्चेत भवानी कोणती, जगदंबा कोणती, लंडनला आहे ती कोणती, याचाच गोंधळ पुष्कळ झाला. मला या गोंधळाचे आश्चर्य वाटत नाही. त्या तलवारीबरोबर कोल्हापूरच्या शस्त्रागारातील तिचा पूर्ण वृत्तान्त, कोणाकडून कोणाकडे आली, कोणत्या नावाने पूजेत होती, हे सारे जर तेव्हाच लिहून छापले गेले असते, तर शंभर वर्षांनंतर सभांतून वाद घालण्याची वेळ आली नसती. ज्या मुलाच्या नावे ती दिली गेली, त्याची कथा तर आपण जाणताच. त्याच्या छळाविषयी लिहिल्यामुळे उद्भवलेल्या खटल्यात टिळक-आगरकरांनी १८८२ साली १०१ दिवसांचा तुरुंगवास सोसला, आणि १८८३ च्या २५ डिसेंबरला तो राजा अहमदनगरच्या किल्ल्यात वयाच्या विसाव्या वर्षी मरण पावला.

दुसरे उदाहरण वाघनखांचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती १८१८ नंतर साताऱ्यास अधिकारी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाला मिळाली. त्यांची हकीकत पेटीवरील लेखात आहे. शिवाजीने ज्यांनी मोगल सेनापतीला मारले ती ही वाघनखे, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती ग्रँट डफला दिली, असा त्या लेखाचा आशय. यातील पहिल्याच विधानात चूक आहे; १६५९ साली प्रतापगडाखाली मारला गेलेला अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. ती वाघनखे महाराजांचीच, हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालयही सांगते. मी ती खोटी आहेत असे म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, देणाऱ्याच्या हातचा एक कागद जर सोबत असता, तर पेटीवरच्या ऐकीव मजकुरावर आपली श्रद्धा टांगून ठेवावी लागली नसती. जहांगीरच्या सुरीला दोन साक्षीदार आहेत. या शस्त्राला एक आहे, आणि तोही चुकणारा.

कोणी म्हणेल, या राजेरजवाड्यांच्या गोष्टी. आमचा त्यांच्याशी काय संबंध? या शहरात राहून असे म्हणता येणार नाही. आपले सालारजंग संग्रहालय हे मुख्यतः तिसऱ्या सालारजंगांच्या, मीर यूसुफ अली खान यांच्या, संग्राहक वृत्तीचे फळ आहे. ते १९४९ साली निवर्तले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय सर्वांना खुले झाले. तेथे नूरजहानची फळे कापण्याची सुरी म्हणून दाखविली जाणारी एक नाजूक सुरी आहे. शाळेच्या सहलीत आपल्यातील बहुतेकांनी ती पाहिली असेल. ज्या संग्राहकाने वस्तू जमविल्या आणि ज्या व्यवस्थेने त्या एकत्र राखल्या, त्या दोघांमुळे ती सुरी आज आपल्या मुलांची आहे. म्हणजे संग्राहकाला दिलेली वस्तू नेहमी हरवतेच असे नाही. घेणारा जबाबदार असेल, तर ती घरातल्यापेक्षा अधिक सुरक्षित राहते.

आणि संबंध आणखी जवळचा आहे. मराठवाड्यातून या शहरात आलेल्या देशमुख, देशपांडे, पाटील घराण्यांपैकी कित्येकांकडे खंडेनवमीला पूजेत मांडली जाणारी एखादी कट्यार, एखादा जंबिया अजून आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली आहेत. वाडे विकले गेले. अशा वेळी शस्त्रांचा छंद असलेल्या एखाद्या स्नेह्याला ती कट्यार द्यावी, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्यात गैर काही नाही. ज्यांना असे करावयाचे आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी मी नम्रपणे सुचवितो.

पहिली, ती कट्यार देण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हे पाहावे. भाऊबंदांची सामाईक वस्तू एकट्याने देऊ नये, आणि अजाण मुलाच्या वाट्याची वस्तू त्याच्या नावे तर कधीच देऊ नये. दुसरी, ती उजळू नये. चिंच, राख, पॉलिश यांनी पाते चकचकीत होते आणि पोलादाचे पाणी व जुन्या खुणा जातात. मूठ सैल असेल तर सैलच द्यावी. म्यान फाटके असेल तरी तेच द्यावे. तिसरी, देण्यापूर्वी कायदा पाहावा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसाला परदेशी पाठविता येत नाही; शस्त्रांविषयीचे नियम वेगळे आहेत, तेही विचारून घ्यावेत. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, एक कागद लिहावा. कट्यार कोणत्या गावच्या, कोणत्या घराण्यातील. आपल्या माहितीत ती कोणाकोणाच्या हाती होती. जे पाहिले ते वेगळे आणि जे ऐकले ते वेगळे. खाली सही आणि तारीख. 'ही शिवकालीन आहे असे आजोबा म्हणत' हे वाक्य खुशाल लिहावे. पण 'ही शिवकालीन आहे' असे लिहू नये. या दोन वाक्यांतील अंतर म्हणजेच इतिहास.

आणि ज्यांना बाजारातून विकत घेऊनच सुरी द्यावयाची आहे, त्यांनी झळाळी विकत घेऊ नये. साधी, पण जिचा ठावठिकाणा सांगता येतो अशी सुरी, वंशावळ नसलेल्या जडावाच्या खंजिराहून संग्राहकाला अधिक प्रिय असते. तेही जमत नसेल, तर आजच्या एखाद्या चांगल्या लोहाराकडून नवी घडवून घ्यावी आणि तिच्यावर त्याचे नाव, गाव व साल कोरून घ्यावे. उस्ताद दाऊदचे नाव आपल्याला आज ठाऊक आहे, ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणूनच.